बारा नंबरचं झाड

कोसमटोला,
दि. १० मार्च

प्रिय बुधू,

आधी हे ऐकून घे की गावात कोणी मेलेलं नाही. माझं पत्र आलं म्हणताच तू कपाळावर हात मारला असशील, कारण चौथीत आपण दोघांनी मिळून ‘मामाला पत्र’ लिहिलं होतं, त्यानंतर मी तुला एक ओळ कधी लिहिलेली नाही. तुझा फोन लागत नाही. सुकरीचा लागतो तर तू तो हातात घेत नाहीस. आणि खरं सांगायचं तर फोनवर बोलायची मला भीतीच वाटते. आजकाल मशीनवर कोणाचाही आवाज काढता येतो असं पत्रूने गावभर सांगून ठेवलं आहे; मी फोनवर काही कबूल केलं तर तो मुखरूचा आवाज नव्हताच म्हणून सगळे मोकळे होतील. कागदावर निदान माझं अक्षर आहे. कोंबडीने पाय आपटल्यासारखं हे अक्षर कोणतीही मशीन काढायला जाणार नाही. भामरागडच्या गाडीवर माझा एक जुना सोबती कंडक्टर आहे, त्याच्या हाती हे पाठवतो आहे. सुकरी माय, तू बाबाला हे वाचून दाखवशील तेव्हा मधलं काही गाळू नको. आणि तो उठून बाहेर जायला लागला तर मागे मागे जाऊन वाच.

तोंडाने बोललो असतो तर आपल्या बोलीत, दोन शिव्या घालून बोललो असतो. पण पेन हातात धरला की पाठीमागे गुरुजी छडी घेऊन उभे आहेत असं वाटतं आणि शाळेतली भाषा येते. ती परकी वाटली तर मनातल्या मनात आपली करून घे.

तुझे बैल वारलूकडे धडधाकट आहेत. तुझा भाऊ त्यांना तुझ्यापेक्षा जास्त चारतो, तेव्हा परत आल्यावर ते तुला ओळख देतील की नाही शंकाच आहे. शिंगांवरचा पोळ्याचा गुलाबी रंग अजून पुरता गेलेला नाही. तुझा कुत्रा माझ्या दारात येऊन झोपतो. मी त्याला हाकलत नाही. आणि मोह बचाव समितीच्या अध्यक्षपदाचा मी राजीनामा दिला आहे. तो कोणी घेत नाही. का घेत नाही ते पुढे येईलच, आधी मूळ गोष्ट एका दमात लिहून टाकतो, नाहीतर हात पुन्हा मागे येईल.

बुधू, ते नंबर मी टाकले होते.

मोहाच्या झाडांवरचे ते लाल नंबर, एक ते अकरा, ज्यांनी गावाची झोप उडवली, ते कोण्या कंपनीने टाकले नाहीत, सरकारने टाकले नाहीत, सॅटेलाइटवरून तर नाहीच नाही. अंगणाच्या फाटकाला लावून उरलेल्या ऑइलपेंटने, भर दुपारी गाव जेवून आडवं झालं असताना, मी माझ्या हाताने टाकले. बत्तीस वर्षं सीटवरचे नंबर पाहिले होते, तसेच टाकले, माणसाच्या छातीच्या उंचीवर, नीट मधोमध. टाकून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मला बरंसुद्धा वाटलं.

काऊन टाकले, असं विचारशील. तुला नीलाबाईचा तो तमाशा आठवतो ना? मी रिटायर होऊन गावात आलो त्याच्या पुढच्या मोहाच्या हंगामात, सकाळी टोपली घेऊन ऐटीत निघालो, एका झाडाखाली बसलो आणि अर्धी टोपली भरली. तेवढ्यात पत्रूची नीलाबाई आली. झाड त्यांचं होतं. ती बाई जी सुरू झाली, “काहो मुखरूभाऊ, जनमभर दुसऱ्याले बिनातिकिटाचे पकडलं, अन् आज सोता बिनातिकिटाचे बसले का?” आजूबाजूच्या सगळ्या झाडांखालच्या बाया टोपल्या ठेवून हसत होत्या. आपल्याकडे झाडावर नाव लिहीत नाहीत. कोणतं झाड कोणत्या घरचं हे माणसाला चालायला लागल्यापासून ठाऊक असतं, आणि ज्याला ते विचारावं लागतं तो या गावचाच नाही. मी बत्तीस वर्षं गाडीवर होतो. झाडांचं सगळं माझी इंदू पाहायची. पाला झाडणं तिचं, वेचणं तिचं, वाळवणं तिचं. मला घरी आल्यावर फक्त सुकलेला ढीग दिसायचा. ती गेल्यावर त्या ढिगाच्या मागे झाडं असतात हे मला कळलं.

त्या तमाशानंतर तूच मला एका दुपारी सगळी झाडं फिरवून दाखवलीस. अकरा दाखवलीस आणि म्हणालास, अजून एक नाल्याच्या पल्याड आहे. माझे पाय दुखत होते. मी म्हटलं, उद्या पाहू. माझा उद्या तुला माहीत आहे. पावसाळा आला, जंगल दाट झालं, आणि मला धाक पडला की हीपण विसरून जाईन आणि नीलाबाईच्या तोंडी पुन्हा पडेन. दुसऱ्यांदा तुला विचारायची लाज वाटली. म्हणून पोळा झाल्यावर आठवत होती तेवढी रंगवून टाकली. एवढं साधं प्रकरण होतं ते, बुधू. एका विसरभोळ्या माणसाची खूणगाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या टपरीवर बसलो होतो तर पत्रू धापा टाकत आला. जंगलात झाडांवर लाल नंबर पडले म्हणाला. मी सांगणारच होतो. शपथ घेऊन लिहितो, तोंड उघडलंसुद्धा होतं. पण तेवढ्यात पत्रू माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मुखरूभाऊ, तुमी दुनिया पाह्यली. हे काय होय, सांगा बरं.” अन् टपरीवरची दहा-बारा माणसं कप हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. गाडीवर होतो तेव्हा दिवसाला दोनशे माणसं मला काही ना काही विचारायची. गाडी कधी पोचन, इथी थांबन का, सुट्टे हायेत का. रिटायर झालो त्या दिवसापासून मला कोंबडीनेसुद्धा काही विचारलं नव्हतं. मी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणालो, “हे वरून आलेलं दिसते.” वरून म्हणजे कुठून, ते मलाही माहीत नव्हतं. पण सगळ्यांनी अशा माना हलवल्या की मला वाटलं, असेलही.

मग जे झालं ते तू पाहिलंसच, पण आतून कसं होतं ते तुला माहीत नाही. दोन दिवसांनी पत्रूच्या ध्यानात आलं की अकराही झाडं माझीच आहेत. वाटलं, संपलं, पकडला गेलो. पण पत्रू डोळे बारीक करून म्हणाला, “म्हणजे सुरुवात मुखरूभाऊपासून केली. काऊन? पेन्शनवाला मानूस, कागद वाचते, कायदा जानते. त्याले पहिले दाबा, मंग गाव आपोआप दबते.” मला त्याच दिवशी अध्यक्ष केलं. हार घातला, बुधू! रिटायरमेंटला घातला होता त्याच्यापेक्षा जाड. ज्या घरी जाईन तिथे चहा, खुर्ची, आणि माझ्या अंगावर आलेल्या संकटाबद्दल हळहळ. त्या हळहळीत काय गोडी असते ते तुला कसं सांगू? मी खोटं बोलतो आहे हे मला दुपारी एकटा असताना आठवायचं. चार माणसं जमली की विसरायला व्हायचं.

पत्रूने शाळेच्या वहीच्या कागदावर झाडांचा नकाशा काढला आणि रेघा जोडल्या, तर बाण तयार झाला. बाणाचं टोक थेट टेकडीकडे. टेकडीत काहीतरी आहे म्हणून कंपनीवाले तिकडूनच घुसणार. माझ्या आज्याने ती झाडं धरली तेव्हा त्या बिचाऱ्याला काय माहीत, की नातवाच्या काळात त्याचा बाण होणार आहे! फॉरेस्टचा गार्ड येऊन म्हणाला, हे नंबर आमचे नाहीत, आमचे नंबर असे नसतात. झालं, तो इतका घाईने नाही म्हणतो म्हणजे नक्कीच त्यांचे आहेत. कुत्री भुंकली नाहीत, म्हणजे त्यांना काहीतरी खाऊ घातलं. गाडीची चाकं उमटली नाहीत, म्हणजे पायी आले, म्हणजे आपल्यातलाच कोणी वाट दाखवायला होता. तालुक्याला मी समितीतर्फे अर्ज दिला, की सदर झाडांवर नंबर कोणी टाकले याची माहिती मिळावी. अर्जदार मुखरू. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, अशी कोणतीही माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. ते मी टपरीवर मोठ्याने वाचलं. उपलब्ध नाही! लपवली! त्या क्षणी मला खरोखर राग आला होता, बुधू. मी टाकलेल्या नंबरांची माहिती सरकार मला देत नाही म्हणून.

तू हसू नको. गाडी बंद पडली की साठ माणसांना मी हेच करताना पाहिलं आहे. घाटात गाडी थांबली आणि मी म्हटलं, पट्टा तुटला, तर कोणाचं समाधान होत नाही. पट्टा? एवढा मोठा खोळंबा अन् कारण बोटाएवढ्या रबराचं? मग मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतो, ड्रायव्हरने मुद्दाम केलं, पुढच्या धाब्यावर त्याचं जमलेलं आहे. की लगेच गाडीत जीव येतो. लोक डबे उघडतात, अनोळखी माणसं एकमेकांना मिरची-भाकर देतात, कारण आता सगळे एका बाजूला आणि ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला. मोठ्या त्रासाला मोठंच कारण पाहिजे असतं, आणि त्या कारणाला नाक-डोळे पाहिजे असतात, म्हणजे त्याच्यावर ओरडता येतं. पट्ट्यावर कोण ओरडणार?

आणि गाव काही येडं नाही, हेही लिहितो. पत्रूचा जावई निकेश दिवाळीला गडचांदूरहून आला तेव्हा तो फार काही बोललाच नाही. एवढंच म्हणाला, की आमच्याकडे चुनखडीची खाण व्हायच्या आधी असेच कोणीतरी येऊन नंबर टाकून गेले होते, आणि म्हाताऱ्यांना वाटलं, टाकू दे, नंबरच तर आहे. ज्याने एकदा असं पाहिलं आहे तो लाल रंगाला घाबरणारच. मी त्या भीतीवर बसून हार घालून घेत होतो. तेव्हाच उठून सांगायला पाहिजे होतं. उठलो पण, आणि म्हणालो, “निकेशरावांचा अनुभव समितीने लिहून घ्यावा.”

मग बारा नंबर आला.

नाल्याच्या पल्याडच्या मोठ्या मोहावर, गुलाबी रंगात, १२. मी पाहायला गेलो. हा मी टाकला नव्हता! बाकी सगळ्यांना बारा नंबर म्हणजे अकराच्या पुढचा एक. मला एकट्याला ठाऊक होतं की अकरापर्यंत मी आहे आणि बाराला दुसरं कोणीतरी आहे. म्हणजे खरंच कोणीतरी आहे! ते झाड गावाच्या लेखी सोमारीबाईचं, म्हणजे आता एकट्या म्हाताऱ्या बाईवर घाला. पत्रू म्हणाला, लाल ते पहिल्या टप्प्यात, गुलाबी ते दुसऱ्या. त्या दिवसापासून मी मनापासून मानायला लागलो. इतकं, की फाटकाच्या रंगाच्या दुकानदाराने मला अर्धा डबा फुकट का दिला होता, याचाही मी विचार करत बसलो. फुकट काऊन देल्लं? माझ्याकडून नंबर टाकून घ्यायचे म्हणून तर नाही? स्वतःच उठवलेल्या हुलीला घाबरून मी दाराला आतून दोन कड्या लावायला लागलो. असा येडा तू तिकडे हेमलकशाच्या दवाखान्यातही पाहिला नसशील.

आता कार्तिकातली ती बैठक. पत्रू तुझ्या गोठ्यात दोर मागायला आला आणि त्याला गुलाबी रंगाचा डबा दिसला. सबंध पोळाभर तुझ्या बैलांची गुलाबी शिंगं गावाने पाहिली होती, पण तोवर कोणाला काही वाटलं नव्हतं. समाजमंदिरात सगळे जमले. मी अध्यक्षाच्या खुर्चीवर. तुला मधे उभं केलं, तुला, ज्याने माझ्या मायच्या मयतीला खांदा दिला. बारा नंबर तू टाकला का, विचारलं. तू हो म्हणालास. कोणाच्या सांगण्यावरून? तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, “मुखरू, सांगू का मी?”

तुला वाटत असेल मला कळलं नाही. मला कळलं, बुधू. तुला माझे अकरा माहीत आहेत हे मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय केलं? मी म्हणालो, आता सांगायचं काय राहिलं, सगळं दिसतंच आहे. मग घरी जाऊन मी स्वतःला पटवलं, की बुधूने माझे नंबर पाहिले, कंपनीला जाऊन सांगितले, आणि त्यांनी त्याला पुढचे टाकायला लावले. कसं बसलं बघ, सगळं जागच्या जागी. तू दगाबाज ठरलास म्हणजे मी भित्रा ठरत नव्हतो. पुढच्या हप्त्यात तुझ्या हातचं पाणी कोणी घेईना, टपरीवर तू आलास की बाक रिकामा व्हायचा, आणि एका सकाळी तू पिशवी घेऊन सुकरीकडे जायच्या गाडीला उभा राहिलास. मी तुला खिडकीतून पाहिलं. आयुष्यभर लोकांना गाडीत बसवलं, तुला बसवायला आलो नाही.

हे मी आधीही केलं आहे, म्हणून आता सगळंच लिहितो. इंदूला ताप आला तेव्हा तिने मला फोन केला होता. मी म्हटलं, गोळी घे, शनिवारी सुट्टीवर येतो. शनिवारपर्यंत ती राहिली नाही. त्यानंतर वर्षभर मी गाडीत, टपरीवर, पाहुण्यांत सांगत फिरलो की त्या गोळीतच काहीतरी होतं, आजकाल औषधांत काय मिसळतात कोणाला ठाऊक. लोक हो हो म्हणायचे. तू कधी हो म्हणाला नाहीस, नुसता बसून राहायचास, आणि मला तुझा राग यायचा. गोळीत काही नव्हतं रे. घरात मी नव्हतो.

गेल्या हप्त्यात मोहाखालचा पाला झाडायला गेलो. अकरा झाडांखालचं झाडून कमरेवर हात ठेवून उभा होतो, तर सोमारीबाई मोळी घेऊन आली. म्हणाली, “अन् नाल्यावरचं तुह्यं झाड काय माहा सासरा येऊन झाडन?” मी म्हटलं, बाई, ते तर तुमचं. ती मोळी टेकवून हसायला लागली. म्हणाली, तुही पोरगी प्रिया झाली तेव्हा ते झाड मी इंदूले देऊन टाकलं, गावाले नाई सांगतलं. मले कुठी पोरगी होती. प्रियाची झोळी त्याच झाडाले बांधत होती इंदू, अन् खाली दगड मांडून घेतला होता बसाले. मग तिने सहज, मोळीचा दोर आवळत सांगितलं, की तू बारा नंबर टाकत होतास तेव्हा ती तिथेच होती. तू तिला म्हणाला होतास, “मुखरूनं आपले झाडं लिवून ठेवले, पन वयनीचंच झाड राह्यलं. तेच याद राह्यलं पायजे त्याले. तू काई बोलू नको बाई, त्याले शरम वाटन.”

चार महिने, बुधू, सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या म्हातारीच्या पदराला बांधलेली होती. मी म्हटलं, बाई, मग बैठकीत काऊन बोलल्या नाही? तर म्हणते, “मी धानावर होती. अन् मले कोन पुसलं?” खरंच आहे. आम्ही तालुक्याला पुसलं, गार्डला पुसलं, निकेशच्या मोबाईलला पुसलं. ज्या झाडावर नंबर होता त्या झाडाच्या बाईला कोणी पुसलं नाही.

दुसऱ्याच सकाळी मी गाव गोळा केलं आणि सांगून टाकलं. नंबर माझे. बारावा बुधूने माझ्यासाठी टाकला. बुधू साफ आहे, खोटा मी आहे. बोलून झालं आणि मान खाली घालून उभा राहिलो, आता चपला पडतील म्हणून. चपला कुठल्या! पत्रूच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, “पाहा, मानसावर किती दबाव आला असन! पेन्शन बंद करतो म्हनले असतीन.” मी रंगाचा डबा दाखवला. म्हणे, डबा पण देऊन गेले. मी रागाने ब्रश घेऊन समाजमंदिराच्या खांबावर मोठा १ काढून दाखवला. हुबेहूब निघाला. तर म्हणे, किती दिवस घोटून घेतला असन बिचाऱ्याकडून. मी राजीनामा दिला, त्यांनी माझ्या त्यागाबद्दल टाळ्या वाजवल्या. खोटं तीन शब्दांत पटलं होतं, आणि खरं सांगता सांगता माझा घसा बसला. शेवटी कोणी वाचवलं माहीत आहे? नीलाबाईने. मागून उठली आणि म्हणाली, “यात दबाव-फिबाव काई नाई. याले सोताचं झाड ओळखू येत नाई, मी डोयानं पाह्यलं हाये. लिवलंच असन यानं.” बाया हसल्या. हसल्या तशी हवा बदलली. मग तिनेच विचारलं, मंग बुधूभाऊचं काय? तेव्हा मात्र सगळे आपापल्या पायांकडे पाहायला लागले. पत्रूसुद्धा. मग तो म्हणाला, बुधूनं इथी येऊन सोता सांगतलं तर मानू.

आता हे पत्र कशाला लिहिलं ते सांगतो. पत्रूला पटवायला ये म्हणून नाही. पत्रू गेला चुलीत, तो उद्या दुसरं काही शोधून काढेल. मी माफी मागायलाही लिहीत नाही, कारण माफी मागितली की तू ‘जाऊ दे’ म्हणशील आणि तिकडेच बसून राहशील. मला जाऊ दे नको आहे. तू मला शिव्या दे, समाजमंदिरात सगळ्यांसमोर दे, खुर्चीवर उभा राहून दे, पण इथी येऊन दे. काल मी भर टपरीवर, पंधरा माणसांत, सोमारीबाईला विचारलं, की बाई, बुधूची झाडं कोणती ते मला दाखवा, मला माहीत नाही. कोणी हसलं नाही, आणि हसले असते तरी चाललं असतं. तुझ्या नऊही झाडांखालचा पाला मी झाडून ठेवला आहे. मोह गळायला लागला आहे. तुझा मोह वारलू वेचतो आहे, माझा मी वेचतो, पण नाल्यावरच्या झाडाखाली मी अजून टोपली नेलेली नाही. तू दाखवतो म्हणाला होतास आणि मी उद्या म्हणालो होतो, ते अजून तसंच बाकी आहे. रविवारच्या गाडीने मी स्वतः येतो आहे, तिकीट काढून. यायचं नसेल तर तसं तोंडावर सांग, मी परत येईन, पण पुढच्या रविवारी पुन्हा येईन. इंदूचा दगड मी धुवून ठेवला आहे. त्याच्यावर दोन माणसं बसतात, मी पत्रूला शेजारी बसवून पाहिलं.

शिव्यांची वाट पाहणारा, तुझाच

मुखरू